मराठी बोलतात पण वाचत नाहीत: इंग्लिश मीडियमच्या मुलांना मराठी पुस्तकांची गोडी कशी लावायची

आधी एक गोष्ट घरच्या घरी तपासून बघा. मुलाला गोष्टच नकोय, का फक्त वाचायचं नकोय? एखादं चांगलं मराठी पुस्तक घ्या, त्याला शेजारी बसवा आणि तुम्ही वाचून दाखवा, पाच-सात मिनिटं, आवाज वगैरे काढून, मजा घेत. ते पोरगं कान देऊन ऐकत असेल आणि तुम्ही थांबल्यावर "मग पुढे?" म्हणत असेल तर त्याला पुस्तकाचा अजिबात कंटाळा नाहीये, त्याला अक्षरांचा त्रास होतोय. मी आमच्या सोसायटीत शनिवारी मुलांना पुस्तकं वाचून दाखवते, येणारी बरीचशी मुलं इंग्लिश मीडियमची, आणि "काकू मराठी बोअर असतं" म्हणणारी जवळपास सगळी ह्याच गटातली निघतात, म्हणजे गोष्ट ऐकताना सगळ्यात पुढे सरकून बसणारी हीच.

ह्याचं कारण साधं आहे. तिसरी-चौथीतलं मूल इंग्लिशमधली जाडजूड पुस्तकं वाचतं, त्याची समज नऊ वर्षांची असते, पण मराठी वाचायचा त्याचा स्पीड पहिलीतल्या मुलाचा असतो, कारण शाळेत मराठीचा तास आठवड्यातून मोजकाच. मग होतं काय की त्याला जे वाचता येतं ते असतं "कमळ बघ, छगन बस" टाईप, ते त्याला बाळबोध वाटतं (आणि ते आहेच), आणि जे त्याला आवडेल ते वाचताना प्रत्येक ओळीत तीनदा अडखळायला होतं. ह्या दोन्हीच्या मधे त्याच्यासाठी पुस्तकच नसतं. म्हणून तो पळतो. त्याला आळशी म्हणू नका प्लीज.

तर माझ्या मते उपाय असा, की काही महिने ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. त्याच्या वयाची, त्याच्या डोक्याला खाद्य देणारी गोष्ट तुम्ही वाचून दाखवायची, त्यात त्याने एक अक्षरही वाचायची अपेक्षा नाही. आणि वाचायचा सराव वेगळा, छोटासा, सोपा, आणि शक्यतो अभ्यास वाटणार नाही असा. हे दोन रस्ते पुढे आपोआप एकत्र येतात, कधी येतील ते मूल ठरवतं.

वाचून दाखवण्याबद्दल आधी बोलते कारण सगळ्यात जास्त हेच सोडून दिलं जातं. मूल स्वतः वाचायला लागलं की आपण वाचून दाखवणं बंद करतो, "आता मोठा झालास, तूच वाच". खरं तर पाचवी-सहावीपर्यंत वाचून दाखवायला काहीच हरकत नाही, मुलांना ते मनापासून हवं असतं, फक्त ती मागत नाहीत. झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं, रोज जमलं तर उत्तम, नाही जमलं तर आठवड्यातून चारदा. आई दमलेली असेल तर बाबांनी वाचा, बाबांनी वाचलेलं मुलांना फार आवडतं. आणि गोष्ट संपते तिथे थांबू नका, मधेच थांबा, दार उघडतंय तेवढ्यात, पाठलाग चालू असताना, आणि पुस्तक तिथेच उशाशी ठेवून दिवा मालवा. सकाळी बऱ्याचदा मूल पुढचं एखादं पान स्वतःच खणून काढतं. तेव्हा "अरे वा वाचलंस की!" असा गाजावाजा नको, फक्त "काय झालं रे पुढे, मला सांग" एवढंच.

ह्यासाठी पुस्तक निवडताना घटना भराभर घडणाऱ्या हव्यात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ह्या बाबतीत आजही चालतो, फुरसुंगीचा किडकिडीत बनेश, त्याची सायकल, आणि तो "ट्टॉक", मुलं दुसऱ्याच दिवशी घरभर ट्टॉक करत फिरतात. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे पण असाच, मुलांना तो आपल्याच बिल्डिंगमधला वाटतो. भाषा थोडी जुनी असते, कळत नाही असे शब्द येतात, त्यासाठी वाचन थांबवून शब्दार्थ सांगत बसू नका, वाचता वाचताच "तो ओशाळला, म्हणजे त्याला एकदम कसंतरी झालं" असं म्हणून पुढे सरका. तोच शब्द चार पानांनी परत आला की मूल स्वतः ओळखतं. आणि कृपा करून गोष्ट संपल्यावर "ह्यातून काय बोध घेतलास" विचारू नका! 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं झालंय, चांगलीच गोष्ट आहे, पण त्यामुळे बऱ्याच मुलांसाठी मराठी म्हणजे समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, शुद्धलेखन आणि मार्क. घरातल्या पुस्तकाला तो वास येता कामा नये.

आता अक्षरांचा त्रास. इथे जरा सविस्तर सांगते कारण नेमकं कुठे अडतं हे कळलं की अर्धं काम होतं, आणि ते बघायचं असेल तर मुलाच्या शेजारी बसून, न टोकता, त्याला एक पान वाचू द्या आणि फक्त ऐका.

सगळ्यात पहिला अडथळा रफार. "सर्व" हा शब्द घ्या, मुलाला आधी स दिसतो, मग व दिसतो, मग वर ती खूण दिसते, म्हणून तो "सवर" वाचतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे कारण त्याने दिसलं तसं वाचलं. त्याला एकच सांगायचं, ज्याच्या डोक्यावर ती खूण आहे त्याच्या आधी र म्हणायचा. आणि सराव "धर्म, कर्म, पर्वत" ने करायचा नाही, तर शर्ट, बर्गर, चार्जर, कार्टून, बर्थडे ने करायचा. हे शब्द त्याच्या तोंडात आधीपासून आहेत ना, मग डोळ्यांना फक्त खूण ओळखायचं काम राहतं. तसंच ट्रक, ट्रेन, ड्रेस ने खालचा र, फ्रिज, ब्रश, क्रिकेट ने तिरकी रेघ. देवनागरीत लिहिलेले इंग्लिश शब्द बघून मुलं हसतात, "अय्या हे तर चार्जर आहे!", आणि हसत हसत वाचतात. पायऱ्या, दऱ्या मधला तो अर्धचंद्रासारखा र सगळ्यात शेवटी घ्या, त्याची घाई नाही.

दुसरा अडथळा पहिली वेलांटी, जी अक्षराच्या आधी येते पण उच्चारायची नंतर. लहान मुलांना जमते, पण जोडाक्षर आलं की गडबड होते, "शक्तिमान", "पुस्तिका" वगैरे. इथे बोट ठेवून वेलांटीखालची सगळी अक्षरं एकत्र म्हणून दाखवा, चार-सहा वेळा दाखवलं की बसतं.

तिसरा अडथळा मात्र खास मराठीचा, आणि ह्याकडे बहुतेक आईबाबांचं लक्षच जात नाही. आपले शब्द लांब होतात. इंग्लिशमध्ये जे तीन वेगळे शब्द असतात ते आपण एकालाच चिकटवतो, झाडाखालच्या, पाण्यावरून, मांजरीच्यासुद्धा, शेजाऱ्यांकडून. मूल एवढा मोठा शब्द बघूनच घाबरतं, अक्षर अक्षर जोडत शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. युक्ती अशी की शब्दाची शेपटी बोटाने झाका. "झाडा" एवढंच दिसू दे. काय आहे? झाड. आता बोट थोडं सरकवा, "झाडाखाल", आता पूर्ण उघडा, "झाडाखालच्या". काही दिवसांत मूल स्वतःच शेपट्या ओळखायला लागतं कारण ह्या शेपट्या ठराविकच आहेत, च्या, ला, ने, वर, खाली, पासून, मुळे, सुद्धा, आणि बोलताना तो त्या रोज वापरतोच. एक कटकट राहते, पाणी चं पाण्या होतं, घोडा चं घोड्या होतं, तिथे एकदा सांगून टाका की शेपटी लागली की शब्द थोडा वाकतो. व्याकरणाचं नाव घेऊ नका.

आणि ज्यांना शाळेत हिंदीही आहे त्यांचा अजून एक घोळ असतो, ती मुलं चाक, चूल, जरा, झाड हे शब्द हिंदीच्या उच्चाराने वाचतात आणि मग त्यांना आपलाच रोजचा शब्द ओळखू येत नाही. तिथे फक्त आपण नीट उच्चारून दाखवायचा, "अच्छा, जरा!" म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर लगेच उजेड पडतो.

वाचायला बसल्यावर करायचं काय? एकत्र वाचायचं. म्हणजे तुम्ही आणि मूल दोघं एकाच वेळी, एकाच आवाजात, तेच वाक्य मोठ्याने, तुमचं बोट ओळीखाली. मुलाला वाटलं की आता मी एकटा वाचतो तर त्याने तुमच्या हातावर टिचकी मारायची, तुम्ही गप्प. अडला तर मनात चारपर्यंत मोजा, नाही आलं तर शब्द सांगून टाका आणि परत दोघं मिळून पुढे. "नीट बघ, काय आहे ते, काल सांगितलं होतं ना" हे अजिबात नाही. शब्द सांगून टाकला म्हणून मूल काही आळशी होत नाही हो, उलट गोष्टीचा धागा हातातून सुटत नाही आणि तो धागाच त्याला पुढे ओढतो. आठ-दहा मिनिटं पुरे, त्याला अजून हवं असतानाच थांबवा.

किती अवघड पुस्तक घ्यायचं ते ओळखायची एक सोपी पद्धत आहे, एक पान उघडायचं, मूल वाचायला लागलं की अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पानभरात पाचही बोटं दुमडली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं, दोन-तीन दुमडली तर एकत्र वाचायचं, एखादं दुमडलं तर त्याला एकट्याला द्या. इयत्तेकडे बघू नका. चौथीतल्या मुलाने दुसरीचं पुस्तक वाचलं तरी बिघडत नाही, फक्त दुसऱ्यांसमोर ते बोलून दाखवू नका.

आता साहित्य कुठून आणायचं, कारण "मराठीत मुलांसाठी काही नाहीच" हे मला दर वेळी ऐकायला मिळतं आणि ते खरं नाहीये. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर म्हणून वेबसाईट आहे, 2015 मध्ये सुरू झाली, तिथे मराठीत भरपूर चित्रगोष्टी फुकट आहेत, लेव्हल 1 ते 4 अशा लावलेल्या, डाउनलोड करून प्रिंट काढायलाही परवानगी आहे. तिचा आमच्या मुलांना सगळ्यात जास्त उपयोग झाला तो असा, की खूपशा गोष्टी तिथे इंग्लिशमध्येही आहेत आणि मराठीतही. मूल आधी इंग्लिशमध्ये वाचतं, गोष्ट कळलेली असते, चित्रं ओळखीची असतात, मग तीच मराठीत उघडली की अर्थ शोधायचं ओझं जातं आणि शब्द भराभर ओळखू येतात. हे नक्की करून बघा, आणि स्क्रीनवर नको असेल तर लेव्हल 2 च्या पाच-सहा गोष्टी छापून स्टेपल करून द्या, "माझं पुस्तक" म्हणून मुलं त्यावर नाव टाकून मिरवतात.

बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन वाचायला ठेवलेत. त्यातली चित्रं, कोडी, छोट्या कविता ह्यांनी सुरुवात करा, लांबलचक लेख सोडून द्या. आजी-आजोबांनी त्यांच्या काळचा अंक शोधून दाखवला तर अजूनच मजा येते. लहान मुलांसाठी चिकूपिकू मासिक आहे. माधुरी पुरंदऱ्यांची राधाची आणि यशची पुस्तकं घरात असायलाच हवीत असं माझं स्पष्ट मत आहे, त्यातली माणसं आपल्यासारखी बोलतात, "अगं थांब ना जरा" असं, पुस्तकी मराठी नाही, आणि मुलाला जे कानाने माहीत आहे तेच डोळ्यांना दिसतं म्हणून वाचायला हलकं जातं. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साईटवरही मराठीत बरंच फुकट आहे, विज्ञानाची आवड असलेल्या मुलांना तिकडे सोडा. कॉमिक्स आणि विनोदाची पुस्तकं ह्यांना नाकं मुरडू नका. चार ओळींचा विनोद वाचून तो दुसऱ्याला सांगायचा म्हणजे नीट वाचावाच लागतो!

पुस्तकाबाहेर पण वाचन आहे आणि बिचकणाऱ्या मुलांसाठी मी तर म्हणेन तिथूनच सुरुवात करा. रस्त्यावरच्या पाट्या. 2022 च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, म्हणजे फुकटात केवढी मोठी अक्षरं आपल्यासमोर टांगलेली आहेत बघा. मेडिकल अँड जनरल स्टोअर्स, मोबाईल रिपेअरिंग, हेअर कटिंग सलून, ड्रायक्लीनर्स, सगळे ओळखीचे शब्द आणि सगळी जोडाक्षरं त्यातच. रिक्षात बसलं की कोण आधी वाचतो अशी शर्यत लावा. एसटी स्टँडवर गाड्यांच्या पाट्या वाचायला सांगा, आपली गाडी शोधायचं काम मुलावरच सोपवा, तिथे चुकून चालत नाही म्हणून ते बरोब्बर वाचतं.

आणि दिवाळीतला किल्ला! ह्याच्याइतकी चांगली संधी वर्षात दुसरी नाही. मुलं मातीत हात घालून बसलेलीच असतात, तेव्हा म्हणा की नुसता किल्ला नको, आपण खरा कुठलातरी करू, प्रतापगड करू, राजगड करू, मग त्याला माची किती, बालेकिल्ला कुठे, चोरदरवाजा कुठून, हे शोधायला पुस्तक उघडावंच लागतं. मोठं पुस्तक तुम्ही वाचा, पण पाट्या मुलांना लिहू द्या, काड्यांना चिठ्ठ्या चिकटवून, "महादरवाजा", "बुरूज", "पाण्याचं टाकं", "तटबंदी". मागच्या दिवाळीत आमच्या खाली एका मुलाने "पद्मावती माची" लिहायला घेतलं आणि द ला म कसा जोडायचा ह्यावर चौघांची मीटिंग भरली, शेवटी एकाने पुस्तकात बघून तो जोडून दाखवला. शुद्धलेखनाच्या वहीत हे कधीच झालं नसतं. किल्ला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना माहिती वाचून दाखवायचं कामही मुलांनाच द्या, चार ओळींचा कागद, तीच ती माहिती वीसदा वाचली की तोंडातून घडाघडा यायला लागते.

तुमच्या मुलाला किल्ल्यात रस नसेल तर क्रिकेट असेल, स्वयंपाक असेल, गाड्या असतील. पेपरातलं खेळाचं पान, आजीच्या वहीतली लाडवाची रेसिपी, जे असेल ते. रेसिपी मुलाने मोठ्याने वाचायची आणि तुम्ही तो सांगेल तेवढंच करायचं, "एक वाटी रवा", टाकला, "मंद आचेवर", म्हणजे काय रे, तू सांग. इथे वाचलेल्या शब्दाने खरोखर काहीतरी घडतं म्हणून मुलांना फार भारी वाटतं.

बक्षिसाबद्दल माझं मत ठाम आहे. "दहा पानं वाचलीस तर अर्धा तास मोबाईल" हे करू नका, कारण त्यातून मूल एवढंच शिकतं की वाचन हे कारलं आहे आणि मोबाईल हा गुलाबजाम. शिक्षा म्हणून पुस्तक घेऊन बसवणं तर त्याहून वाईट. आणि चुलत बहिणीने सुट्टीत किती पुस्तकं वाचली ते ऐकवणं बंद. पुस्तक अर्धवट सोडलं तर सोडू द्या, एकच पुस्तक परत परत वाचत असेल तर वाचू द्या, परत वाचतानाच स्पीड वाढतो.

आजी-आजोबा दुसऱ्या गावी असतील, किंवा तुम्हीच परदेशात असाल, तर व्हिडिओ कॉलवर वाचन फार छान होतं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्यायच्या, एक आजीकडे एक नातवाकडे, एक पान आजी, एक पान नातू. आजीला दिसत नाही असं म्हणून मुलाकडून जास्त वाचून घेता येतं, आज्या ह्यात तरबेज असतात. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, तिथे जाणाऱ्या मुलांना आठवडाभर मधे काही वाचायला मिळत नाही, त्यांच्यासाठी तर हा कॉल म्हणजे खरा आधार आहे.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. मूल फक्त मराठीतच नाही तर इंग्लिशमध्येही अडखळत असेल, ओळी गाळत असेल, अक्षरं उलटसुलट करत असेल, तोंडी सगळं येतं पण वाचताना घाम फुटतो असं असेल, तर आधी डोळे तपासून घ्या, आणि डोळे ठीक असतील तर लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती नोंदलेली आहे, बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, मुंबईत सायनसारख्या पालिकेच्या हॉस्पिटलात तपासणी होते. अशा मुलांना वाचून दाखवणं तर अजिबात थांबवू नका, गोष्टींवर त्यांचाही तेवढाच हक्क आहे.

शेवटी वाचनालय. आपल्याकडे 1967 च्या कायद्यामुळे गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत, तुमच्या जवळही एखादं असेलच, जरा चौकशी करा. डिपॉझिट आणि महिन्याची वर्गणी सहसा फार नसते. कार्ड मुलाच्या नावाने काढा, पुस्तक त्याला निवडू द्या, तुम्हाला ते फालतू वाटलं तरी, आणि तुमचं म्हणून एक दुसरं पुस्तक गुपचूप घेऊन या, वाचून दाखवायला. महाबळेश्वरला जाणार असाल तर पाचगणीजवळ भिलारला अर्धा दिवस ठेवा, 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरातच पुस्तकं मांडलेली असतात, कोणीही आत जाऊन बसून वाचू शकतं. बालसाहित्याचं घर कुठलं ते गावात शिरतानाच विचारून घ्या आणि आधी तिथे जा, म्हणजे मुलं दमायच्या आत पोचतील.